तक्रार: फ्रिज लपवून दिलात, पण हवेला वाटच ठेवली नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसले. हा माझा पाचवा फोन होता. सहावा करणार नाही.

मार्चमध्ये तुम्ही आमच्या नागपूरच्या घरात मॉड्युलर किचन बसवलंत. आमचं स्वयंपाकघर हॉलमधून थेट दिसतं, म्हणून फ्रिज, मिक्सर, ओव्हन सगळं शटरमागे जावं एवढंच आमचं म्हणणं होतं. एकट्या फ्रिजच्या कपाटाचे ३८ हजार घेतलेत. तुमच्या डिझायनरने स्वतः टेप लावून फ्रिज मोजला, फोटो काढले, मॉडेल नंबर लिहून घेतला. हा बिल्ट-इन फ्रिज नाही, साधा आहे, हे त्याला समोर दिसत होतं. अशा फ्रिजची उष्णता मागून आणि बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते. तिला जायला खाली जाळी आणि वर झरोका लागतो. हे मी तुम्हाला शिकवायचं? तुमच्याच माहितीपत्रकातल्या चित्रात खालच्या पट्टीला जाळी आहे. आमच्याकडे तिथे सलग प्लायवूड, वर बंद लॉफ्ट आणि बाजूंना बोटही शिरणार नाही एवढी फट.

एप्रिलमध्ये पारा ४४ वर गेला आणि कॉम्प्रेसर रात्रभर थांबेना. शटर उघडलं की तोंडावर गरम हवेचा झोत यायचा. शटरच्या कडेची पट्टी गोंद सुटून लोंबायला लागली. दोनदा दूध नासलं. सासूबाईंचं न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आत थर्मामीटर ठेवला तर १४ दाखवत होता. महिन्याभराची इन्सुलिनची पेनं टाकून द्यावी लागली.

आता आजचं बोलणं. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, शटर उघडं ठेवून वापरा." किती वेळ? "दिवसभर. पाहुणे आले की बंद करा." मग पैसे कशाचे घेतलेत, असं विचारल्यावर त्याने होल्डवर टाकलं. ११ मिनिटं तीच एक धून. परत आला तो म्हणाला, "सिनियर म्हणतात, फ्रिज कंपनीला फोन करा." फ्रिज कंपनीचा मेकॅनिक येऊन गेलाय. त्याने फ्रिज कपाटातून ओढून हॉलमध्ये ठेवला, सकाळपर्यंत बर्फ धरला. जागेत हवा खेळत नाही, असं त्याने लेखी दिलं. तो कागद मी तुम्हाला दोनदा मेल केलाय, असं सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "पण मॅडम, फ्रिज लपवायचा हट्ट तुमचाच होता ना?"

हट्ट? ज्या कामाची जाहिरात करता, ज्याची पावती देता, ते काम मागितलं की तो गिऱ्हाइकाचा हट्ट होतो? माझ्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, जाऊ दे, माझ्यामुळे भांडू नकोस. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

सिलिंडरच्या कपाटाचंही तेच. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून झरोका तळाशी हवा. तुमच्या कारागिराने तो वर पाडला, खाली दिसतो म्हणून. ते शटर आम्ही तेव्हापासून उघडंच ठेवतो.

नणंदेला मी तुमचंच नाव सुचवलं होतं. तिला आजच नको म्हणून कळवलं.

१५ दिवसांत फ्रिजचं कपाट खाली-वर हवेची वाट ठेवून नव्याने करून द्या, नाहीतर ३८ हजार परत करा. इन्सुलिनचं बिल सोबत जोडलंय, तेही भरा. सिलिंडरचा झरोका मात्र या आठवड्यातच हवा. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही. डिझायनरने मापं घेतानाचे फोटो माझ्याकडे आहेत.

फ्रिज अजून हॉलमध्येच आहे, सोफ्याला लागून.

आपली ग्राहक,
नागपूर