गच्ची पावसात आमची, कोजागरीला सगळ्यांची

महोदय,

गेल्या आठवड्यात रात्री अडीच वाजता उशीवर थेंब पडला. आधी वाटलं, ह्यांनी तांब्या लवंडला. वर पाहिलं तर पंख्याच्या हुकातून पाणी! आधी मेन स्विच बंद केला. छताचा रंग फुग्यासारखा लोंबत होता. खाली घंगाळ ठेवून विणकामाच्या सुईनं त्याला भोक पाडलं. अर्धी बादली पाणी आलं. मग घंगाळात जुना पंचा टाकला, म्हणजे टपटप ऐकू येत नाही.

सकाळी गच्चीवर घोटाभर तळं. पाणी जायच्या जाळीवर पानं, मांजा आणि कुणाची तरी बर्म्युडा! ती काढल्यावर गच्ची रिकामी झाली. चीर पंख्यावर नव्हतीच, आठ फूट लांब कठड्यालगत होती. तिथे ताडपत्री टाकून विटा ठेवल्यात. एक ठेकेदार ओल्या स्लॅबवरच डांबर फासायला निघाला होता. नको म्हटलं, ओल्यावर ते धरत नाही.

खर्चाचं विचारलं तर सोसायटीत उत्तर मिळालं, "वरच्या मजल्यावर तुम्ही राहता, गच्ची तुमची." कोजागरीचं दूध आटवताना मात्र ती सगळ्यांची असते.

– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे