मेत्सोव्होच्या मावशीस, आईच्या बुटांबद्दल

तीर्थस्वरूप मावशी,

शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्याकडे पत्राच्या मायन्यात आईवडिलांना तीर्थरूप आणि त्यांच्याच मानाच्या इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहितात. एका रात्रीच्या ओळखीवर हा मायना लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मनातले मला याच भाषेत नीट सांगता येते. इंग्रजी भाषांतर तुमच्या नातीला वेगळे पाठवले आहे, ती तुम्हाला ते वाचून दाखवील. आणि सर्वांसमोर लिहिते आहे ते यासाठी, की हिवाळ्यात तुमच्या देशात येऊ पाहणाऱ्या आमच्या माणसांना तुमच्याविषयी कळावे, आणि आमच्यावर आली तशी वेळ त्यांच्यावर येऊ नये.

जानेवारीत ग्रीसला जायचे म्हटल्यावर आमच्या नातेवाइकांपैकी बहुतेकांनी तोंडावर नाही म्हटले होते. ग्रीस म्हणजे सांतोरिनीचे निळे घुमट, पांढऱ्या भिंती आणि उन्हाळ्यातला समुद्र, एवढेच चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. परंतु आईचे वय 72 आहे आणि तिला ऊन अजिबात सोसत नाही. जुलै 2023 च्या उष्णतेच्या लाटेत अथेन्सचा टेकडीवरचा प्राचीन अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावा लागला होता, हे मी वाचले होते. आईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. भूमिती जिथे बहरली तो देश एकदा पाहावा, ही तिची जुनी इच्छा. म्हणून हिवाळा निवडला, आणि ती निवड चुकली असे मी आजही म्हणणार नाही. थंड, स्वच्छ उन्हात आईने अ‍ॅक्रोपोलिस सावकाश, न धापा टाकता पाहिला. खडकांच्या माथ्यावर मठ असलेल्या मेतेओराला दरीत ढग साचले होते आणि त्यांतून ते प्रचंड खडक वर आलेले होते. इतर मठांना पायऱ्या फार. परंतु सेंट स्टीफनच्या मठात जायला एक लहानसा पूल ओलांडला की झाले, त्यामुळे तिथल्या जोगिणींचे देऊळ तिला स्वतःच्या पायांनी जाऊन पाहता आले.

चुकले ते दुसरीकडे. आमच्या शहरातल्या ज्या प्रवासी कंपनीवर आम्ही सारी व्यवस्था सोपवली होती, तिला मी दोनदा विचारले होते की डोंगरात बर्फ पडते का, आणि आईसाठी कसले बूट घ्यावेत. ग्रीस उबदार देश आहे, साधे कापडी बूट पुरे होतील, असे उत्तर दोन्ही वेळा मिळाले. बरोबर घ्यायच्या वस्तूंची जी यादी त्यांनी पाठवली, तिच्यात उन्हाची टोपी होती, पोहण्याचे कपडे होते आणि लोकरीचा एक धागाही नव्हता. ग्रीसचा फार मोठा भाग डोंगराळ आहे. तुमचे मेत्सोव्हो पिंदोस पर्वतात, हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेले आहे. त्याच्यावरच्या जुन्या घाटाची उंची सुमारे 1,700 मीटर आहे आणि त्याचे नावच ‘कातारा’, म्हणजे शाप, असे आहे. तिथे जानेवारीत बर्फ असते हे कळायला फार अभ्यास लागत नाही. लागते ती फक्त, आपल्या भरवशावर निघालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायात काय असेल याची काळजी.

त्या संध्याकाळी साडेपाचलाच अंधारून आले होते. टॅक्सीवाल्याने चौकातल्या चिनार वृक्षांपाशी सोडले, आणि फरसबंदीच्या उतारावरून बॅगा ओढत आम्ही ज्या लॉजवर पोहोचलो त्याच्या दाराला कुलूप होते. कंपनीच्या क्रमांकावर ध्वनिमुद्रित आवाजाने कळवले की चोवीस तासांत आपल्याशी संपर्क साधला जाईल. जवळच्या दुसऱ्या ठिकाणी सगळ्या खोल्या भरल्या होत्या, कारण शनिवार होता आणि बर्फ पाहायला तुमचीच शहरातली माणसे आली होती. तिथल्या माणसाने नाही म्हटले आणि पुन्हा फोनमध्ये डोके घातले. आईला दोन मिनिटे आत बसू द्यावे हे त्याला सुचले नाही, आणि मलाही मागायचे सुचले नाही, याची रुखरुख अजून आहे. आम्ही पुन्हा गल्लीत आलो. आई काही बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा तिला फार त्रास होत असतो, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही तुमच्या दारासमोरचे बर्फ फावड्याने ओढत होता. आम्हाला पाहून तुम्ही थांबलात, आणि आमच्या तोंडाकडे पाहण्याआधी तुमची नजर आईच्या पायांकडे गेली. कापडी बूट घोट्यापर्यंत भिजून काळे पडले होते. तुम्ही फावडे भिंतीला टेकवलेत, आईच्या दंडाला धरलेत आणि तिला आत नेलेत. कोण, कुठल्या, कशासाठी आलात, यातला एकही प्रश्न उंबऱ्याच्या बाहेर विचारला गेला नाही. पुढे नातीला फोन लावून तिच्या इंग्रजीतून बोलणे सुरू झाले, तोवर आईच्या हातात डोंगरी चहाचा पेला आला होता आणि चुलीवर पांढऱ्या घेवड्याची आमटी तापत होती. तुम्ही तिच्या अंगावर घातलेल्या फ्लोकातीवरून, त्या जाड लोकरी पांघरुणावरून, आईने हात फिरवला आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा ती बोलली, “ही तर आपली घोंगडीच.” आईचे माहेर फलटणचे. मेंढरे घेऊन ऋतूप्रमाणे मुलूख बदलणारे धनगर तिने लहानपणापासून पाहिले आहेत. तुमची व्लाख जमातीची मेंढपाळ माणसेही हिवाळ्यात कळप घेऊन थेसलीच्या सपाटीवर उतरत आणि उन्हाळ्यात परत डोंगरात चढत, हे तुमच्या नातीने सांगितले, तेव्हा आईने अशी मान डोलावली की जणू तिला कुणी माहेरची खुशाली सांगितली.

हे सगळे मोठेच होते. तरीही मी ज्यासाठी पत्र लिहायला बसले ती गोष्ट याहून लहान आहे.

तुम्ही खाली बसलात, आईच्या बुटांचे बंद सोडलेत आणि बूट स्वतःच्या हातांनी काढलेत. आई संकोचाने पाय मागे घेत होती. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या पायताणाला हात लावणे ही साधी गोष्ट नाही, आणि तुम्ही तर तिच्याच वयाच्या. तुम्ही तिच्या गुडघ्यावर एकदा थोपटलेत आणि काम पुढे चालू ठेवलेत. जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून ते बुटांच्या टोकापर्यंत दाबून भरलेत आणि बूट शेगडीजवळ, पण फार जवळ नाही, असे आडवे ठेवलेत. त्यातल्या एका चुरगळलेल्या कागदावरचे π हे अक्षर आईने ओळखले आणि बोट ठेवून म्हणाली, “पाय.” तुम्ही म्हणालात, “पी.” मग तिने सिग्मा दाखवला, तुम्ही डेल्टा दाखवलात, तुमच्या उच्चारात तो ‘देल्ता’सारखा ऐकू आला. दोघींना मिळून दहाबारा अक्षरे समान निघाली. मराठीत पाय म्हणजे चालायचे पाय, हे मी नातीमार्फत कळवले, तेव्हा तुम्ही हातातल्या बुटाकडे पाहून इतक्या मनापासून हसलात की आईलाही हसू आले.

रात्री केव्हातरी मला जाग आली. शेगडीच्या उजेडात तुम्ही स्टुलावर बसला होता. ओले बोळे एकेक करून बाहेर काढत होता, बुटात हात घालून अस्तर चाचपत होता आणि कोरडे कागद पुन्हा भरत होता. मी उठले नाही. उठले असते तर तुम्ही थांबला असता, असे वाटले. सकाळी बूट दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवलेले होते. पूर्ण कोरडे, बंद सैल केलेले, आणि टाचेला लागलेला चिखलही पुसलेला. आत घालायला लोकरीचे मोजे होते.

आषाढी वारीत माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला असते. आई लहान असताना वारकऱ्यांच्या पायांसाठी गरम पाण्याचे हंडे नेऊन देत असे आणि तिची आजी त्यांचे पाय चेपून देत असे. कोण कुठल्या गावचा, हे तिथेही कुणी विचारीत नाही. परतीच्या बसमध्ये आई मला म्हणाली, “पाणी नेऊन द्यायची सवय होती गं मला, पाय पुढे करायची नव्हती.” एवढे बोलून ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

सौजन्य शिकवून येत नाही असे म्हणतात. मला मात्र ते पाहून पाहून येते असे वाटू लागले आहे, कारण तुमच्या घरून आल्यापासून दारात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांकडे माझी नजर आपोआप जाते. ज्यांनी पूर्ण पैसे घेतले होते त्यांनी एका पायाचाही विचार केला नव्हता. नंतर त्यांनी खोलीचे पैसे परत केले आणि दिलगिरीचे छापील पत्र पाठवले. तुमच्या टेबलावर मी ठेवलेल्या नोटा मात्र तुम्ही उचलून माझ्या कोटाच्या खिशात घातल्यात आणि खिशाचे बटण लावलेत.

आम्ही निघालो तेव्हा ऊन पडले होते आणि वारा पूर्ण थांबला होता. जानेवारीच्या मध्यावर येणाऱ्या अशा शांत दिवसांना तुमच्याकडे ‘अल्किओनिदेस’ म्हणतात, खंड्या पक्ष्याला अंडी घालता यावीत म्हणून वाऱ्याचा देव ते देतो, असे तुमच्या नातीने निरोप देताना सांगितले. आमच्या ओढ्यावरही खंड्या बसतो. आई आता त्याला पाहिले की तुमचे नाव घेते.

या पत्राबरोबर एक पार्सल येईल. त्यात आईने स्वतः शिवलेली गोधडी आहे. मधला निळा तुकडा तिच्या शाळेत नेसायच्या साडीचा आहे आणि चारी कोपऱ्यांत तिने लाल दोऱ्याने एकेक π घातला आहे. तिचा निरोप असा आहे की ती पेटीत जपून ठेवू नये, अंगावर घ्यावी, आणि मळली तर खुशाल धुवावी.

तुमची,
फलटणच्या बाईंची मुलगी