जुनी हीट प्रेस आणि गावची वीज : विनायकास पत्र

प्रिय मित्र विनायक यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

येथील मंडळी खुशाल आहेत. आईचे गुडघे पूर्वीसारखेच. इतके महिने पत्र नाही म्हणून तू रुसला असशील, पण आजची गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगितली तर तो ‘घे, नाहीतर सोड’ एवढे म्हणून मोकळा होईल.

यवतमाळला एक जुनी हीट प्रेस, म्हणजे तापल्या पाटीने दाबून कपड्यावर चित्र उमटवणारी मशीन, पाहून आलो. १५ बाय १५ इंची आहे, वरची पाटी बाजूला फिरते, आणि मालक साडेनऊ हजार सांगतो. कापसाच्या पैशातून बाजूला काढलेले बारा हजार माझ्याजवळ आहेत व त्यातच नागपूरहून छापील कागद मागवणे बसवायचे आहे.

मी चारही कोपऱ्यांत वहीच्या कागदाच्या पट्ट्या ठेवून मशीन दाबली आणि एकेक ओढून पाहिली; तीन घट्ट राहिल्या, मागची उजवी मात्र अलगद हातात आली. मग सोबत नेलेला गडद निळा सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने आपला रंग कपड्यात उतरवणारा, कागद पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून २०० अंशांवर ४५ सेकंद दाबला, तेव्हा नेमका तोच कोपरा फिका उमटला. मालकाचा चेहरा पडला. मी त्या कोपऱ्याखाली फडक्याची घडी सरकवून दुसरा कागद दाबला आणि रंग काठोकाठ भरून आला. म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी आहे, फक्त खालची सिलिकॉनची गादी तेथे दबून बसली आहे, आणि गादी बदलता येते. तापणारी तार ॲल्युमिनियमच्या पाटीत ओतलेली असते, ती गेली असती तर मी चहासुद्धा न घेता परतलो असतो. तू असतास तर पहिल्याच निळ्या कपड्यावर भाळून पैसे मोजले असतेस. आपल्या स्क्रीन छपाईच्या दिवसांत तुझ्या त्या जुन्या एक्स्पोजर पेटीने, उजेडाने छपाईची जाळी तयार करणाऱ्या, पत्रिकांवर वधूचे नाव अर्धेच उमटवले होते, आणि दोष जाळीवर इमल्शनचा लेप लावणाऱ्याचा, म्हणजे माझा, असे तू अजूनही म्हणतोस! असो.

खरी अडचण विजेची आहे. मशीन १८०० वॉटची आहे, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ८ अँपिअर ओढणार. आमच्याकडे हरभऱ्याला पाणी सुरू झाले की संध्याकाळी मीटर १८० व्होल्ट दाखवतो, आणि तापणाऱ्या तारेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्यामुळे १८०० वॉटचे जेमतेम ११०० उरतात. कंट्रोलर पाटीला २०० अंशांपर्यंत नेईलच, त्यामुळे रंग बिघडायचा नाही. परंतु प्रत्येक जर्सीनंतर पाटी पुन्हा तापेपर्यंत मी हात बांधून बसणार. इतक्या भाराचा स्टॅबिलायझर घ्यावा तर उरलेले पैसे त्यातच जातील, आणि घरच्या इन्व्हर्टरला हे ओझे झेपणारे नाही. म्हणून पहाटे उठून, गाव झोपेत असताना काम करावे, असे मनात आहे. त्यावर बायको म्हणते की पहाटे उठणारा तुम्ही कोण?

गंमत अशी की पैसा कापसाचा आणि ही छपाई सुती कापडावर टिकतच नाही. ती शाई उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या तंतूत शिरते. सुतीवर दाबली तर धुण्यात उडून जाते. कबड्डी मंडळांच्या जर्सी पॉलिएस्टरच्या असतात, तेव्हा हिवाळ्यातील सामन्यांपुरती काळजी नाही. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी पोरांना सुती टी-शर्ट लागतील, त्यांवर याच मशीनने १५० ते १६० अंशांवर डीटीएफचे, म्हणजे फिल्मवर छापलेले, चित्र चिकटवता येईल, मात्र ते छापील तयार आणावे लागेल.

माझा कल घेण्याकडे आहे, पण आठ हजारांच्या वर नाही. गादीचा खर्च मालकाने सोसावा हे माझे म्हणणे, आणि त्याने बाजाराच्या दिवसापर्यंत वेळ दिला आहे. भागीदारीत तू माझे ऐकले नाहीस, निदान आता तुझे मत फुकट दे.

तुझ्या नव्या नोकरीचे कसे चालले आहे? चिरंजीवांची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
गजानन

ता. क. : पुण्यात जुन्या बाजारात १५ इंची गादी मिळते का, आणि केवढ्याला, हे आधी फोनवर कळव, मालकाशी घासाघीस करताना तो आकडा हाताशी हवा.