रंगाने बुजलेले भोक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणबुडी बुडाल्याची बातमी आली की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: पाणी किती खोल होते आणि मदत किती वेळात पोहोचली. पण अपघाताचे मूळ बहुधा गोदीत, बांधणीच्या किंवा दुरुस्तीच्या कामात असते, आणि त्याबद्दल क्वचितच छापून येते. म्हणून हे पत्र.

1 जून 1939 रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीला गेली. टॉर्पेडो (पाण्याखालून मारा करणारे अस्त्र) सोडण्याच्या नळीचे मागचे दार उघडण्याआधी नळीत पाणी नाही ना, हे पाहायला दारावर एक छोटा कॉक, म्हणजे तोटी, असतो. तो फिरवला आणि पाणी आले नाही, तर नळी कोरडी समजायची. पाचव्या नळीच्या कॉकमधून पाणी आले नाही, कारण त्याचे आतले बारीक भोक एनॅमल रंगाने बुजलेले होते. भोक मोकळे करायची सुई तिथेच होती, ती वापरली गेली नाही. नळीचे समुद्राकडचे तोंड उघडेच होते. दार उघडताच पुढचे दोन कप्पे भरले. खोली जेमतेम 50 मीटर. पाणबुडीचे शेपूट काही तास पाण्याबाहेर दिसत होते. तरीही 103 पैकी 99 माणसे गेली, मुख्यतः कार्बन डायऑक्साइडने. चाचणीमुळे आत नेहमीच्या जवळपास दुप्पट माणसे होती. हा वायू 3 टक्क्यांवर गेला की धाप लागते, डोके ठणकते. 6 टक्क्यांच्या आसपास विचार चालेनासा होतो. शिवाय आत शिरलेले पाणी उरलेली हवा दाबते. दाब दुप्पट झाला की तेच 3 टक्के शरीराला 6 टक्क्यांसारखे बाधतात. सुटकेचे झडप चालवायला लागणारी बुद्धी आधी जाते, ताकद नंतर.

त्याच्या आठवडाभर आधीच अमेरिकेची ‘स्क्वालस’ 73 मीटरवर बसली होती. वरून सोडलेल्या सुटका-घंटेतून, म्हणजे माणसे वर आणणाऱ्या पोलादी कोठीतून, 33 जण वाचले. सुटका अशक्य नसते. पण 26 जण पाणबुडी बुडतानाच गेले होते, त्यांना कुठलीही घंटा उपयोगाची नव्हती.

सगळ्यात जास्त शिकवले ते अमेरिकेच्या ‘थ्रेशर’ या अणुपाणबुडीने. 10 एप्रिल 1963, दुरुस्तीनंतरची खोल बुडीची चाचणी, 129 मृत्यू. समुद्राचा पूर्ण दाब झेलणारे तिच्या नळ्यांचे सुमारे 3000 जोड चांदीच्या डागाचे, म्हणजे चांदीमिश्रित धातू वितळवून सांधलेले, होते. गोदीत त्यांपैकी 145 जोड अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासले, तेव्हा 14 टक्के कच्चे निघाले. बाकीचे तसेच समुद्रात गेले. 400 मीटरवर 5 सेंटिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण 100 लिटर पाणी येते, म्हणजे मिनिटाला 6 टन. चौकशीचा निष्कर्ष असा, की बहुधा असाच एक जोड सुटला, पाण्याने विजेची यंत्रणा बिघडली आणि अणुभट्टी बंद पडली. मग वर येण्याचा उरतो एकच उपाय: उच्चदाबाची हवा सोडून बलास्ट टाक्या (पाणबुडी बुडवण्यासाठी पाण्याने भरायच्या टाक्या) रिकाम्या करणे. पण दाबाखालची हवा झपाट्याने सुटली की थंड होते. हवेत ओल असेल तर हवेच्या नळीतल्या गाळणीवर बर्फ धरतो आणि वाट बंद होते. भगिनी-पाणबुडी ‘टिनोसा’वर धक्क्याला उभी असताना प्रयोग केला, तेव्हा नेमके हेच दिसले. हा प्रयोग आधी का झाला नाही, याचे दुःख आजही वाटते.

त्यानंतर अमेरिकी नौदलात ‘सबसेफ’ ही पाणबुड्यांच्या सुरक्षिततेची पद्धत आली. पाण्याचा दाब झेलणाऱ्या प्रत्येक जोडाचा, झडपेचा, बोल्टचा धातू कुठून आला, जोड कोणी केला, कोणी तपासला, याचा लेखी पुरावा हवा. कोणाचा शब्द चालत नाही. 1915 ते 1963 या काळात अमेरिकेने युद्धाविना 16 पाणबुड्या गमावल्या. ‘सबसेफ’चा दाखला असलेली एकही आजवर गेलेली नाही, 1968 मध्ये बुडालेल्या ‘स्कॉर्पियन’कडे तो नव्हता.

रशियाच्या ‘कुर्स्क’ पाणबुडीवर 2000 साली टॉर्पेडोतील हायड्रोजन पेरॉक्साइड गळून स्फोट झाले. मागच्या कप्प्यात 23 जण जिवंत होते. ऑक्सिजन देणारी रासायनिक वडी तेलकट पाण्याला लागली आणि आग भडकली. जीव वाचवणारी वस्तूही कोरड्या हातांनीच हाताळावी लागते.

अशी बातमी पुन्हा छापण्याची वेळ आलीच, तर आपल्या वार्ताहरांनी खोलीबरोबर एवढेही विचारावे: शेवटच्या दुरुस्तीत किती जोड तपासले, किती नापास झाले, आणि न तपासलेल्यांचे काय केले?

आपला,
एक निवृत्त पाणबुडी-सैनिक