आल्टोचा सा वेगळा असतो

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "म्हणजे वाजवणं सोडलंस?" आणि मी "नाही हो" म्हणून विषय आईच्या गुडघ्यावर नेला. फोनवर हे मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

सोडलेलं नाही. जॅझ पियानोऐवजी जॅझ कॉम्पोझिशन, म्हणजे संगीतरचना, मुख्य विषय घेतलाय. रियाज रोज होतोच. इथे बोस्टनला न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत आले तेव्हा वाटलं होतं, सगळं नव्यानं शिकावं लागेल. पण एखाद्याचा सोलो बसवायचा म्हणजे आधी तो गाऊन दाखवायचा, मग वाजवायचा, कागद सगळ्यांत शेवटी. पियानोवादक रॅन ब्लेक यांनी इथे रुजवलेली ही कानाची शिस्त. टेपरेकॉर्डरचं बटण मागेपुढे करत तुम्ही नाट्यपदं बसवायचात आणि आई कॅसेट झिजेल म्हणून ओरडायची, ते वेगळं काय होतं? (फी मात्र वेगळी आहे, मान्य.)

ही संस्था 1867 ची, आणि जॅझचा विभाग तेव्हाचे अध्यक्ष गुंथर शुलर यांनी सुरू केला 1969 साली. शंभर वर्षं जॅझ दाराबाहेरच! आपल्याकडे तो निदान मागच्या दारानं तरी घरात आला होता. तुमच्या लाडक्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, पक्का जॅझवाला. म्हणजे ही सवय मला तुम्हीच लावलीत.

आता फजिती ऐका. बिग बँडसाठी पहिला तुकडा लिहिला. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास, ड्रम्स, अशी सतरा माणसं. आल्टो सॅक्सोफोनवाल्यानं कागदावरची पांढरी एक वाजवली की ऐकू येते काळी दोन. टेनर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटची काळी पाच. म्हणून प्रत्येकाचा कागद त्याच्या पट्टीत उतरवून द्यायचा असतो. मी कॉम्प्युटरवरून जसेच्या तसे छापून वाटले. एक, दोन, तीन, चार, आणि भजनात निम्म्यांनी पांढरी एक, बाकीच्यांनी काळी दोन नाहीतर काळी पाच धरून एकच अभंग म्हणावा तसा गोंधळ! ट्रॉम्बोन तेवढे बिचारे जागेवर. ड्रमवाला हसून हसून काठ्या खाली टाकून बसला. मी कागद गोळा केले आणि रात्री दोनपर्यंत बसून सगळे नव्यानं काढले.

पुढच्या तालमीला ट्रॉम्बोननी पहिला स्वर धरला. बाबा, तो विझला नाही. हळूहळू भरत गेला आणि मग अलगद उतरला. महिनाभर मी तेच पियानोवर दहा बोटांत कोंबत होते. पण पियानोचा स्वर मारल्या क्षणापासून मरायला लागतो. पेटीला भाता असतो. लहानपणी तुमच्या मांडीला टेकून मी तो भाताच बघत बसायचे, बोटं नाही. इतकी वर्षं पियानोत मला काय कमी पडतंय ते त्या दिवशी कळलं. विषय बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात भरला. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते चुकलंच.

नोकरीचं विचाराल. दोन मुलांना पियानो शिकवते, रविवारी एका चर्चमध्ये वाजवते. भाडं निघतं, फारसं उरत नाही. खोटं कशाला सांगू?

आई, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढतेस की नुसता कपाटात ठेवलायस? बाबांच्या पेटीची खालच्या सप्तकातली चिकटणारी पट्टी दुरुस्त करून घ्या, पण त्याआधी मंगळवारच्या भजनाचं रेकॉर्डिंग पाठवा. भात्याचा आवाज आला तरी चालेल, मला तोच हवाय.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझा तुकडा वाजणार आहे. इथे संध्याकाळचे साडेसात, तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे सहा. लिंक पाठवते. आल्टोचे कागद तीनदा तपासून ठेवलेत.

तुमची,
मनू