काउंटर काढणारा दुकानदार

मेम्फिस, टेनेसी
रविवार, संध्याकाळ

ती. अण्णा,
शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुमचं आणि दादाचं काउंटरवरून वाजलं, तेव्हापासून माझं लक्ष दुकानातच आहे. दादा म्हणतो काउंटर काढून टाकू, गिऱ्हाईक आत येऊन हाताने माल घेईल. तुम्ही म्हणालात, "कुणीही शिरायचं आणि माल चिवडायचा, हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं कुणास ठाऊक." अण्णा, ज्याने ही पद्धत देशभर पसरवली त्याच्याच गावात मी चार वर्षं राहतेय. फोनवर सांगायला घेतलं की गिऱ्हाईक येतं आणि बोलणं तुटतं, म्हणून लिहून पाठवतेय. दुपारी शटर खाली ओढलं की वाचा.

काल पिंक पॅलेस बघून आले. गुलाबी संगमरवराचा मोठा वाडा आहे, आता संग्रहालय झालंय. आत १९१६ सालचं एक किराणा दुकान जसंच्या तसं पुन्हा उभं केलंय. मी तिथे तासभर उभी होते. फळ्या, डबे, प्रत्येक मालाखाली किमतीची चिठ्ठी. आणि तुमचं स्टूल जिथे असतं, तिथे काहीच नाही!

दुकानाचं नाव पिग्ली विग्ली, मालक क्लॅरेन्स सॉन्डर्स. गरीब घरातला मुलगा, पोरवयातच शाळा सोडून वाण्याच्या दुकानात कामाला लागला. पुढे घाऊक मालाचा विक्रेता म्हणून दुकानं पालथी घातली. म्हणजे काउंटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही त्याला पाठ होतं. तेव्हा इथली दुकानंही आपल्यासारखीच असत. बाईने यादी सांगायची, नोकराने पिंपातून बिस्किटं काढायची, पीठ तोलायचं, पुडा बांधायचा, वहीत मांडायचं, पोराबरोबर घरी पाठवायचं. सॉन्डर्सच्या ध्यानात आलं की गर्दीच्या वेळी नोकर पुरत नाहीत आणि बाकीच्या वेळी बसून असतात, पगार मात्र दोन्ही वेळेचा द्यावा लागतो. उधारी बुडते तो तोटा आणि घरपोच पाठवणीचा खर्च, हे सगळं शेवटी डाळ-पिठाच्या किमतीत चढतं. रोखीने नेणारा माणूस उधारीवाल्याचा भार उचलतो.

म्हणून सप्टेंबर १९१६ मध्ये जेफरसन अव्हेन्यूवर ७९ नंबरच्या जागेत त्याने तिन्ही गोष्टी काढून टाकल्या: काउंटर, उधारी, घरपोच. आत शिरताना एकेकालाच सोडणारं फिरतं फाटक, हातात टोपली, आणि वाट अशी वळवलेली की सगळ्या फळ्यांवरून गेल्याशिवाय गल्ल्यापाशी पोचताच येत नाही. मीठ घ्यायला आलेली बाई मुरंब्यासमोरून जाणारच. या मांडणीचं त्याने १९१७ साली पेटंट घेतलं. आजोबा म्हणायचे ना, गूळ दारात ठेवा आणि मीठ मागे, मीठ कुणी विसरत नाही. त्यांच्या बोलण्याचाच नकाशा मला त्या पेटंटात दिसला. त्याचा फोटो दादाला पाठवलाय, तुम्हीही बघा.

नावाचा अर्थ विचारला की सॉन्डर्स म्हणे, लोकांनी हेच विचारावं म्हणून ठेवलंय.

एक गोष्ट तुम्हाला पटेल. नोकर गेला तेव्हा माल स्वतःच बोलायला लागला. "अण्णा, चांगला चहा कोणता?" असं विचारायला कुणी उरलं नाही, मग डब्यावरचं चित्र आणि नाव हेच सांगणार. सुट्या मालाचा काळ इथे ओसरत गेला त्यामागे हेही एक कारण आहे. तुमची खरी धास्ती हीच आहे हे मला कळतं. काउंटर गेलं की तुमच्या शब्दाला काय किंमत?

पुढची गोष्ट मात्र दादाने वाचावी, कारण एकातून दुसरी शाखा काढायची घाई त्याला आहे. सॉन्डर्सने सहा-सात वर्षांत देशभर हजारावर दुकानं उभी केली. काही त्याची स्वतःची, बरीच त्याचं नाव आणि पद्धत विकत घेऊन इतरांनी चालवलेली. शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात गेले. १९२२ च्या अखेरीस तिकडची दुसऱ्यांनी चालवलेली काही दुकानं बुडाली, आणि मंदीवाल्यांनी, म्हणजे भाव पडण्यावर पैसे लावणाऱ्यांनी, तेवढ्यावर हातात नसलेले शेअर विकायला सुरुवात केली; भाव पडला की स्वस्तात घेऊन द्यायचे. सॉन्डर्सला संताप आला. हा स्वतःच्या नावावरचा घाला आहे असं त्याने धरलं. एक कोटी डॉलरचं कर्ज काढून तो शेअर विकत घेत सुटला. मार्च १९२३ पर्यंत जवळजवळ सगळे शेअर त्याच्या मुठीत होते आणि भाव १२४ डॉलरवर गेला होता. मंदीवाल्यांना विकलेले शेअर आणून द्यायचे होते, आणि ते मिळणार फक्त त्याच्याचकडून. तो जिंकलाच होता. पण बाजाराने व्यवहार थांबवले आणि मंदीवाल्यांना मुदत वाढवून दिली. कागद त्याच्या हातात, कर्ज डोक्यावर, आणि घेणारा कुणी नाही. आपल्या दुकानांत तो उधारी चालू देत नव्हता, तोच माणूस उसन्या पैशावर लढायला गेला आणि ऑगस्टमध्ये त्याच्याच कंपनीतून बाहेर पडला.

हा गुलाबी वाडा तेव्हा तो स्वतःसाठी बांधत होता. त्यात तो एक दिवसही राहिला नाही. वाडा दिवाळ्यात गेला, पुढे शहराकडे आला, आणि १९३० साली तिथे संग्रहालय सुरू झालं. रिकाम्या जिन्यापाशी उभी असताना मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं.

तो गप्प बसला नाही. नवी दुकानं काढली, आणि पाटीवर "माझ्या नावाचा एकमेव मालक" असं लिहिलं. तीही १९३० च्या सुमाराच्या महामंदीत गेली. १९३७ साली काचेआड माल, गिऱ्हाइकाच्या हातात चावी, आणि पट्ट्यावरून वाहत येणारं सामान असं यंत्राचं दुकान उभं केलं. यंत्रं सारखी बिघडत. १९५३ साली वारला तेव्हाही आणखी एका यंत्रदुकानाच्या तयारीत होता. पिग्ली विग्ली मात्र त्याच्याशिवाय चालू राहिली. दक्षिणेकडच्या लहान गावांत ती पाटी अजून दिसते. ढकलगाडीसुद्धा तिच्याच एका दुकानदाराची, सिल्व्हन गोल्डमनची. ओक्लाहोमातल्या आपल्या दुकानांत त्याने १९३७ साली ती आणली. सुरुवातीला लोक हात लावेनात, तेव्हा पगारी माणसं ठेवून त्यांच्याकडून ढकलून दाखवली.

आता माझ्या मनातलं. मेम्फिस तेव्हा वर्णभेदाचं गाव. गोरं गिऱ्हाईक आलं की काळ्या माणसाने थांबायचं, ही इथल्या जुन्या दुकानांची रीत. सॉन्डर्सने काउंटर काढलं ते खर्च वाचवायला, कुणाला न्याय द्यायला नव्हे. पण मालाखाली चिठ्ठी लागली की भाव सगळ्यांना एकच. चांगला डबा कुणाला आणि पोचा पडलेला कुणाला, हे ठरवणारा हात मधून गेला. ते वाचताना मला आपली पायरी आठवली. पणजोबांच्या काळात काही गिऱ्हाईकं पायरीखाली उभी राहायची आणि पुडी वरून टाकली जायची, हे तुम्हीच मला सांगितलंत. आजोबांनी ते बंद केलं म्हणून पेठेत बोलणी खाल्ली, तेही सांगितलंत. अण्णा, काउंटर म्हणजे नातं असं तुम्ही म्हणता आणि तुमच्यापुरतं ते खरं आहे. पण ते लाकूड नात्याचंही असतं आणि भिंतीचंही. ज्या घराने पायरी सोडली, त्याने काउंटर सोडलं तर मला त्यात आजोबांचंच पाऊल दिसतं.

वही मात्र ठेवा. तिथे सॉन्डर्स मला पटत नाही. सुगीपर्यंत थांबणारी घरं आपल्याकडे आहेत, दुसरीकडे त्यांना कोण थांबवून घेईल? आणि डाळी सुट्याच ठेवा. बार्शीत डाळ हाताने पाहून घेतात, पिशवीवरचं चित्र बघून नाही. स्टूल दाराशेजारी सरकवा म्हणजे येणारा-जाणारा दिसेल, आणि चहा कोणता चांगला हे विचारणारे तिथेही विचारतील.

काउंटरची फळी सागवानी आहे, भंगारात देऊ नका. तिच्यावर बसून मी पाढे म्हटलेत. माझ्या खोलीत तिचं टेबल करून ठेवा. मार्चमध्ये येतेय.

आईला गुडघ्याचं तेल संपलं का विचारा. वहिनीला आणि बाळाला आशीर्वाद, दादाला नमस्कार.

तुमची,
छकुली