उदासीच्या गोळीआधी टीएसएच तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी हळूहळू अबोल होत गेली. लोणच्यासाठी आणलेल्या कैऱ्या टोपलीतच पिकून गेल्या, तिने अडकित्ता खाली काढलाच नाही. ऐन मे महिन्यात शाल पांघरून बसायची. आवाज घोगरा झालेला, कंगव्यात केसांचे पुंजके, बोटातली अंगठी निघेना. हे सगळं डोळ्यांसमोर असूनही आम्ही "आळस सोड" म्हणून तिला बोलत राहिलो. शेजारच्या काकूंनी 'बाहेरचं' बघायला सांगितलं, तेही करून झालं. याची आजही लाज वाटते. पुढे नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. टीएसएच, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, साधारण साडेचारच्या आत असावं लागतं; ग्रंथी मंदावली की ते वाढतं. ताईचं ८६ निघालं.

थायरॉइड मंदावली की मेंदूही मंदावतो. उदासी येते, विसरायला होतं, क्वचित भास होतात, संशय घेतला जातो. १९४९ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा १४ रुग्णांबद्दल लिहून ठेवलं आहे, म्हणजे ही माहिती पाऊणशे वर्षं जुनी. उलट ग्रंथी जास्त काम करू लागली तर धडधड, चिडचिड, रात्र रात्र झोप नाही, आणि घरचे म्हणतात, "उगाच टेन्शन घेते." बाळंतपणानंतरच्या वर्षभरातही थायरॉइड बिघडू शकते, तेव्हा तर सगळं 'जागरणामुळे' यावर ढकललं जातं.

प्रत्येक नैराश्यामागे थायरॉइड असते असं मुळीच नाही, आणि चालू गोळ्या कुणी मनाने बंद करू नयेत. ताईच्याही डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. पण उदासीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची टीएसएच तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी, ग्रामीण रुग्णालयातसुद्धा आणि मोफत. एका सुईचं रक्त लागतं त्याला.

आणखी एक. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. हे कुणी सांगितलं नाही म्हणून ताई पहिले दोन महिने ती चहाबरोबरच घेत होती, आणि रिपोर्ट जवळपास तसाच आला. चिठ्ठी देताना एवढं तोंडाने सांगावं, ही डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती.

– एक वाचक, कराड